'बक्सम' वधू, 'बक्सम' नवरा आणि 'बक्सम' हवा

प्रकरण एका ओळीचे आहे. धर्मसुधारणेपूर्वीच्या, म्हणजे चर्च रोमपासून वेगळे होण्याआधीच्या इंग्लंडात सॅलिसबरीच्या कॅथीड्रलची विधिपरंपरा दूरवर पाळली जाई. त्या गावाच्या लॅटिन नावावरून तिला 'सॅरम' म्हणतात. या परंपरेत लग्नाचा विधी लॅटिनमध्ये चाले, पण शपथ इंग्रजीत असे, कारण ती वधूवरांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायची असे. दोघांचे शब्द जवळपास सारखेच: आजपासून पुढे, सुखात आणि दुःखात, श्रीमंतीत आणि गरिबीत, आजारपणात आणि धडधाकट असताना, मृत्यू आपल्याला वेगळे करीपर्यंत. वधूच्या वाट्याला मात्र एक तुकडा जास्तीचा होता: 'टु बी बोनेअर अँड बक्सम, इन बेड अँड ॲट बोर्ड'.

हा तुकडा मराठीत कसा आणायचा, हा प्रश्न. आजचे इंग्रजी वाचणाऱ्याला 'बक्सम' म्हटले की एकच चित्र दिसते: अंगापिंडाने भरलेली, उफाड्याच्या बांध्याची, विशेषतः भरदार छातीची स्त्री. हा अर्थ या ओळीत बसवला तर वधू पाद्र्यासमोर आपल्या बांध्याची हमी देते आहे, असे होते. पुढचे 'ॲट बोर्ड' तर साफ लटकते, कारण जेवणाच्या मेजाशी बांधा भरदार ठेवण्याची शपथ कोण घेईल? अशा वेळी अनुवादक बहुधा मधला मार्ग काढतो आणि 'मोहक', 'देखणी', 'आकर्षक' असे काहीतरी गुळमुळीत लिहून पुढे जातो. वाक्य गुळगुळीत होते, म्हणून ही चूक पहिल्यापेक्षा वाईट. ती कोणाला टोचत नाही आणि छापून येते.

'बोर्ड'चे आधी उरकून घेऊ. बोर्ड म्हणजे फळी. फळी टाकून मेज करत, म्हणून बोर्ड म्हणजे जेवणाचे मेज, आणि त्यावरून जेवणखाण. आपल्याकडच्या जुन्या 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या पाट्यांवर हाच बोर्ड आहे: राहण्याची आणि जेवणाची सोय. तेव्हा 'इन बेड अँड ॲट बोर्ड' म्हणजे शेजेवर आणि ताटाशी, अर्थात संसाराच्या सगळ्या व्यवहारात. या जोडीतला पलंग ऐकून कान टवकारण्याचे कारण नाही. पण पुढे दिसेल की एका फार मोठ्या माणसाने ते टवकारले होते.

अर्थ ठरवायचा कसा

व्युत्पत्तीकडे लगेच धावू नये. मूळ धातू सापडला की माणसाला सगळे कळल्यासारखे वाटते आणि तो त्याच अर्थाने ओळ वाचायला लागतो. ओळीतला शब्द आधी त्याच्या काळातल्या बाकीच्या वापरांशी ताडून पाहावा. 'बक्सम'च्या बाबतीत हे सोपे आहे, कारण पुरावा भरपूर आहे.

हा शब्द १२व्या शतकाच्या उत्तरार्धापासून लेखी सापडतो. सुरुवातीचे वापर धार्मिक प्रवचनांतले आहेत आणि अर्थ नम्र, आज्ञाधारक असा आहे. देवाला बक्सम, वडीलधाऱ्यांना बक्सम. भाववाचक नाम 'बक्समनेस' म्हणजे आज्ञापालन, लीनता. उलट रूप 'अनबक्सम' म्हणजे उद्दाम, न ऐकणारा. शब्दाचा अर्थ तपासायला त्याचे उलट रूप फार उपयोगी पडते, कारण ते सहसा एकाच अर्थाला धरून असते. 'अनबक्सम'चा अर्थ कधीही 'सडपातळ' नव्हता.

दुसरी खूण शब्दयोगी अव्ययाची. मध्ययुगीन इंग्रजीत हे विशेषण वारंवार 'टु' किंवा 'अनटु' घेऊन येते: अमक्याला बक्सम. शरीराचा गुण असा 'अमक्याला' नसतो. माणूस कोणाला तरी आज्ञाधारक असू शकतो, कोणाला तरी गुबगुबीत असू शकत नाही. ओळीत हे अव्यय दिसले की शरीराचा अर्थ तिथेच बाद करावा.

तिसरा पुरावा सगळ्यात चोख आहे आणि तो चॉसर या १४व्या शतकातल्या इंग्रजी कवीचा. 'कँटरबरी टेल्स'मधल्या खलाशाच्या कथेत व्यापाऱ्याची बायको एका मठवासी साधूला सांगते की बायकांना नवऱ्यात सहा गोष्टी हव्या असतात: तो धाडसी हवा, शहाणा हवा, श्रीमंत हवा, हाताचा सढळ हवा, 'बक्सम अनटु हिज वाइफ' हवा आणि शेजेवर ताजातवाना हवा. म्हणजे १४व्या शतकाच्या अखेरीस नवरा बायकोला बक्सम असू शकत होता, निदान बायकांची तशी अपेक्षा होती. यात आणखी एक बारकावा आहे. शेजेवरचा गुण इथे वेगळा मोजला आहे: पाचवी गोष्ट बक्सम असणे, सहावी पलंगावरची. दोन्ही एकच असत्या तर यादी पाचवरच संपली असती.

चौथा पुरावा म्हणजे बदली शब्द. १५४९ साली इंग्लंडच्या चर्चने इंग्रजीतले नवे प्रार्थनापुस्तक काढले. त्यात वधूच्या शपथेतला 'बोनेअर अँड बक्सम' गेला आणि त्या जागी आले प्रेम करणे, जपणे आणि 'ओबे', म्हणजे आज्ञा पाळणे. विधीची भाषा दुरुस्त करणारे लोक एकेक शब्द तोलून बदलतात. जुन्या शब्दाच्या जागी त्यांनी काय ठेवले हे पाहिले की त्यांना जुन्यात काय दिसत होते ते कळते. 'बोनेअर' हा 'डेबोनेअर'चाच धाकटा आकार, मूळ फ्रेंच, तेव्हाचा अर्थ सौम्य, गोड स्वभावाचा. आज 'डेबोनेअर' म्हटले की रुबाबदार, नीटनेटका पुरुष डोळ्यांसमोर येतो. शपथेतले दोन्ही शब्द वधूचे होते. आज त्यातला एक पुरुषाच्या ऐटीकडे गेला आहे आणि दुसरा स्त्रीच्या छातीकडे.

आता मूळ

जुन्या इंग्रजीत 'बूगन' म्हणजे वाकणे. त्याला '-सम' प्रत्यय लागून झालेला शब्द म्हणजे 'वाकण्याजोगा, लवणारा'. जुन्या इंग्रजीतले रूप लेखी सापडत नाही, अनुमानाने मांडतात. हाती येणारे सर्वात जुने रूप 'बुख़्सुम' अशा उच्चाराचे आहे. हाच '-सम' प्रत्यय 'हँडसम', 'विन्सम', 'टायरसम', 'लोन्सम' यांत आहे. जर्मन 'बीगझाम' आणि डच 'बाउख्झाम' ही 'बक्सम'ची सख्खी भावंडे. दोघांचा अर्थ अजूनही लवचिक असाच आहे.

मग इंग्रजी शब्द एकटाच कुठे भरकटला? एक कारण उच्चारात आहे. 'बूगन'मधला दोन स्वरांमधला 'ग' हळूहळू 'व'कडे सरकला आणि आजचे क्रियापद 'बाव' झाले. नाम 'बोगा' म्हणजे वाकलेली वस्तू, त्याचे 'बो' म्हणजे धनुष्य झाले. कोपराचा 'एल्बो' हाही त्यातलाच, हाताचे वाकण. पण '-सम' लागलेल्या रूपात 'ग'च्या जागी घशातला 'ख़' होता आणि त्याच्यापुढे लगेच 'स' आला. या जोडीचे इंग्रजीत 'क्स' होते. 'फॉक्स' आणि 'ऑक्स' हे शब्द असेच घडले. मग लिहिणाऱ्यांनी 'क्स'साठी एकच अक्षर वापरायला सुरुवात केली. परिणाम असा की 'बाव' आणि 'बक्सम' यांत आता एकही ओळखीची खूण उरली नाही. जर्मन माणसाला 'बीगझाम' ऐकताना 'बीगन' म्हणजे वाकवणे हे क्रियापद ऐकू येते, त्यामुळे शब्द जाग्यावर राहतो. इंग्रजांचा हा दोर १६व्या शतकाच्या आधीच तुटला होता.

हे कारण पुरेसे आहे असे मात्र म्हणवत नाही. 'हँडसम'मध्ये 'हँड', म्हणजे हात, आजही स्वच्छ दिसतो. मूळ अर्थ हाताळायला सोपा, सोयीचा. तरी तो शब्द देखण्या चेहऱ्यापर्यंत गेलाच. उलट 'लिसम' हा 'लाइथसम'चा झिजलेला आकार. त्यातला 'लाइथ' सहज दिसत नाही, तरी अर्थ लवचिक, चपळ असाच राहिला. गंमत म्हणजे 'लिसम' आणि 'बक्सम' यांचा जुना अर्थ जवळपास एकच, लवणारा. आज एक वेतासारख्या शेलाट्या अंगाला लावतात आणि दुसरा नेमका त्याच्या उलट अंगाला. तेव्हा दोर तुटल्याने शब्द मोकळा होतो इतकेच खरे. तो कुठल्या दिशेला जाईल हे सोबतीचे शब्द ठरवतात.

शपथेपासून शरीरापर्यंत

ऐकणारा, पडते घेणारा माणूस सोबतीला सुखाचा असतो. म्हणून आज्ञाधारकपासून मनमिळाऊ. मनमिळाऊ माणूस बहुधा हसतमुख. म्हणून प्रसन्न, उल्हसित. १६व्या शतकाच्या उत्तरार्धात या पायरीवरचे वापर दिसू लागतात. प्रसन्न आणि चपळ माणूस निरोगी. निरोगी माणूस रसरशीत, अंगाने भरलेला. शेवटची पायरी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये. 'तब्येत सुधारलेली दिसते' असे कोणी म्हणाले की आपल्याला वजन वाढल्याचे ऐकू येते, तशीच ती वाट.

शेक्सपियरच्या काळात शब्द या वळणावर उभा आहे. 'हेन्री पाचवा' नाटकात पिस्टल हा बार्डॉल्फ नावाच्या शिपायाच्या 'बक्सम' शौर्याचे गुण गातो. तिथे अर्थ जोमदार, सळसळते शौर्य, आणि गुण पुरुषाचा. १६०९ साली छापलेल्या 'पेरिक्लिस'च्या सुरुवातीला एका राजकन्येचे वर्णन येते: 'बक्सम, ब्लाइद अँड फुल ऑफ फेस'. आनंदी आणि मुखाने पूर्ण, म्हणजे देखणी. शब्द अजून स्वभावाचा आहे, पण त्याच्या शेजारी चेहरा येऊन बसला आहे. सोबतीचे शब्द ठरवतात म्हटले ते असे.

मिल्टनचे उदाहरण अनुवादकाला सगळ्यात जास्त अडचणीत आणते, कारण त्याने हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला आहे. 'ललेग्रो' या तरुणपणीच्या कवितेत आनंदाची देवता 'बक्सम, ब्लाइद अँड डेबोनेअर' आहे. इथे अर्थ उल्हसित. 'बक्सम'च्या शेजारी 'डेबोनेअर' पाहून शपथेतली जुनी जोडी पुन्हा भेटल्यासारखे वाटेल. जोडी तीच, पण दोघीही आता आज्ञाधारक राहिलेल्या नाहीत, हसऱ्या झाल्या आहेत. १६६७च्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये मात्र देवदूत राफाएल पंखांनी 'बक्सम' हवा उफणत येतो. ही हवा आनंदी नाही, आणि भरदार तर नाहीच. ती लवणारी आहे, पंखाला वाट करून देणारी. इथे मिल्टनने मुद्दाम जुना अर्थ उकरून काढला आहे आणि त्याला पूर्वज होता: १५९०च्या 'फेअरी क्वीन'मध्ये स्पेन्सरचा ड्रॅगन शेपटीने 'बक्सम' हवेला चाबकासारखे फटकारतो, आणि लगेच पुढच्या ओळीत कवी सांगतो की त्या जोरापुढे हवेला नमावे लागले. कवीने स्वतःच अर्थ फोडून दिला आहे. असा फोडलेला अर्थ ज्याच्या हाती आहे त्याने कोशाकडे नंतर जावे.

१९व्या शतकाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. शब्द जवळजवळ पूर्णपणे स्त्रीला चिकटला. शतकाच्या उत्तरार्धात तो बांध्याबद्दल सर्रास येतो, आणि १९५०च्या दशकापर्यंत इतका आकसला की 'सडपातळ पण बक्सम' असे म्हणणेही शक्य झाले. सबंध देह भरलेला असण्याची अट गेली, छाती तेवढी उरली.

जॉन्सनचा तर्क

सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात 'बक्सम'चे तीन अर्थ आहेत: पहिला आज्ञाधारक, दुसरा आनंदी आणि चपळ, तिसरा चवचाल, मौजी. क्रम पाहून फसू नये. जॉन्सनने मूळ अर्थ आधी मांडला म्हणून तो १७५५ साली प्रचारात होता असे होत नाही. त्या काळी ही मुख्यतः जुन्या ग्रंथांतली गोष्ट उरली होती. कोशातला पहिला अर्थ म्हणजे सर्वात प्रचलित अर्थ, ही आपली सवय जुन्या कोशांना लावली की असे घोळ होतात.

जॉन्सनने मूळ धातू बरोबर दिला आणि ट्रेव्हिसा या १४व्या शतकातल्या पाद्री-अनुवादकाचा दाखलाही जोडला: तो आपल्या आश्रयदात्याला आपण त्याच्या सर्व हुकुमांना बक्सम असल्याचे कळवतो. मग त्याने एक तर्क केला. जुन्या लग्नशपथेत वधू शेजेवर आणि ताटाशी बक्सम राहण्याचे वचन देई. लोकांना ते नीट कळले नाही आणि त्यातून आजचा अर्थ आला असावा. तर्क देखणा आहे, म्हणूनच तो आजही सांगितला जातो. तो पूर्ण पटत नाही. एक तर 'प्रसन्न, जोमदार' हा मधला अर्थ पुरुषांनाही लागत होता. पिस्टलचा शिपाई कोणाची वधू नव्हता. दुसरे, मधल्या पायऱ्या लेखी सापडतात, त्यामुळे गैरसमजाची एकच उडी मानण्याची गरज राहत नाही. तिसरे, चॉसरच्या यादीत पलंग आणि बक्समपणा वेगळे मोजलेले आपण पाहिलेच. शपथेतल्या त्या शब्दांनी चवचालपणाच्या छटेला थोडा हातभार लावला असेल, इतके जॉन्सनला देता येईल.

तीन खोट्या वाटा

पहिली 'बुझम'ची. छातीला इंग्रजीत 'बुझम' म्हणतात, ध्वनी जवळचा, अर्थही आता जवळ आलेला. दोन्हींचे नाते लावण्याचा मोह इंग्रजांनाही होतो. नाते नाही. 'बुझम' हा जुन्या इंग्रजीतला स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे 'वाकबगार'चा वाकण्याशी जेवढा संबंध, तेवढाच हा. वाकबगार अरबी-फारसीतून आला, वाकून नव्हे. तरी दोन शब्द कानाला सारखे लागले की एकाचा अर्थ दुसऱ्याला ओढू शकतो. 'बक्सम' शेवटी छातीवर येऊन थांबला त्यात 'बुझम'चा हात असणे शक्य आहे, पण तो भाग व्युत्पत्तीत लिहायचा नाही.

दुसरी वाट संस्कृत 'भुज्'ची, आणि ती निम्मी खरी आहे. 'वाकणे' अर्थाचा भुज्, त्यावरून भुग्न म्हणजे वाकलेला, भुज म्हणजे वाकणारा हात, भुजंग म्हणजे वाकडा जाणारा. बरेच कोश 'बूगन'शेजारी हा धातू मांडतात. पण ध्वनिनियम लावून पाहिले की एक खडा लागतो. संस्कृतात ग किंवा त्यातून आलेला ज असेल तर जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत क यायला हवा: युग आणि इंग्रजी 'योक', जानु आणि जुन्या उच्चारातला 'क्नी'. भुज्समोर म्हणून 'क' हवा होता. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेपासून सगळीकडे दिसतो तो 'ग', जो मूळ 'घ'कडे बोट दाखवतो. ही अडचण सोडवायला धातूची दोन रूपे मानावी लागतात, एक ग-अंती, एक घ-अंती. तेव्हा 'भुजंग आणि बक्सम हे चुलतभाऊ' असे छातीठोक लिहू नये. 'बहुधा संबंधित' एवढेच लिहावे. भोग आणि भोजन यांतला भुज् तर वेगळाच धातू आहे. तो इथे आणला की भरल्या अंगाची खोटी कथा आयती तयार होते.

तिसरी वाट सूक्ष्म आहे: 'नम्र' हा समांतर शब्द पाहून दोन्हींचा प्रवास एकच मानणे. आरंभ खरोखर एकच आहे, नम् म्हणजे वाकणे, नम्र म्हणजे वाकलेला आणि म्हणून विनयशील. कालिदासाच्या 'मेघदूता'त यक्षपत्नी 'स्तोकनम्रा स्तनाभ्याम्' आहे, स्तनांच्या भाराने किंचित लवलेली. इंग्रजीला जे साधायला कित्येक शतके लागली ते इथे एका चरणात जुळून आल्यासारखे वाटेल. पण इथे नम्र शब्दाने आपला अर्थ सोडलेला नाही. तो वाकणेच सांगतो, भार सांगायला 'स्तनाभ्याम्' वेगळे आहे. मराठीतही नम्र विनयाच्या वाटेवर राहिला.

निर्णय

शपथेतल्या ओळीसाठी 'नम्र' घेता येतो, पण तो वागण्याच्या रीतीपुरता वाटतो आणि शपथेतली बांधिलकी त्यात उतरत नाही. 'आज्ञाधारक' अचूक आहे, पण शाळेच्या दाखल्यासारखा वाजतो. 'शब्दाबाहेर न जाणे' हा वाक्प्रचार दोन्ही साधतो. ओळ अशी होते: 'शेजेवर आणि ताटाशी गोडीने वागेन, तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही'. चॉसरच्या नवऱ्यालाही हाच वाक्प्रचार चालतो, 'बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा', आणि तो तसाच ठेवावा, म्हणजे मराठी वाचकालाही दोन्हीकडे एकच शब्द असल्याचे जाणवेल. पिस्टलच्या शिपायाला 'रसरशीत शौर्य', 'ललेग्रो'तल्या देवतेला 'उल्हसित', स्पेन्सर आणि मिल्टनच्या हवेला 'लवती हवा'. १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या गद्यात 'भरल्या अंगाची', आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, संदर्भ छातीचाच असेल तर, 'भरदार छातीची' असे सरळ लिहावे.

शपथेच्या ओळीला तळटीप द्यायची तर ती एवढी पुरते: 'मूळ शब्द बक्सम. जुन्या इंग्रजीतील वाकणे या अर्थाच्या धातूपासून. येथे अर्थ आज्ञेत राहणारी. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात या जागी आज्ञा पाळणे अशा अर्थाचा शब्द आला. भरल्या अंगाची हा अर्थ नंतरचा, येथे लागू नाही.'